देवपूरची भुयारी गटार, नकाण्याचा तलाव आणि मेहरूणचा धडा: काठावर वस्ती वाढली की सांडपाण्याचं काय करायचं?

धुळ्यात देवपूरच्या माणसाला भुयारी गटारीबद्दल विचारलं, तर तो गटारीबद्दल फारसं बोलत नाही. तो रस्त्याबद्दल बोलतो. खोदलेला रस्ता, नीट न बुजलेली चर, पावसाळ्यातला चिखल, उन्हाळ्यातली धूळ आणि चेंबरच्या उंचवट्यावर आदळणारी दुचाकी. केंद्राच्या ‘अमृत’ योजनेतून आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली देवपुरात भुयारी गटारीचं काम सुरू झालं, तेव्हापासून ‘रस्ते कधी होणार?’ हाच इथला सगळ्यात मोठा प्रश्न होऊन बसला.

हा राग रास्तच आहे. पण या गदारोळात दुसरा एक प्रश्न मागे पडला. पाइप तर जमिनीत गेले, मात्र घराघरातलं सांडपाणी त्या पाइपात जातंय का? आणि जिथे पाइप पोचलेलाच नाही, अशा नव्या कॉलन्या शहराच्या पश्चिमेला नकाणे तलावाच्या दिशेने वाढत असतील, तर त्यांचं सांडपाणी कुठे जाणार?

नकाणे तलाव हा धुळे शहराला पाणी देणाऱ्या स्रोतांपैकी एक आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त देवपूरचा उरत नाही.

देवपूर आणि तलावाचा संबंध काय?

पांझरा नदी धुळे शहराचे दोन भाग करते. एका काठाला जुनं धुळे, दुसऱ्या काठाला देवपूर. महाविद्यालयं, शिकवण्या, नोकरदारांच्या कॉलन्या यांमुळे देवपूर गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढलं. जुन्या देवपूरचं सांडपाणी जमिनीच्या उताराने पांझरेकडे जातं. वाढ मात्र बाहेरच्या दिशेने होत राहिली. २०१८ साली महापालिकेची हद्दवाढ झाली आणि वलवाडी, नकाणे यांसारखी आसपासची गावं शहरात आली. देवपुरातून नकाण्याकडे जाणारा रस्ता तर ‘नकाणे रोड’ म्हणूनच ओळखला जातो.

धुळ्याला पाणी मिळतं ते मुख्यतः तापी योजनेतून आणि नकाणे व डेडरगाव या तलावांतून. अक्कलपाडा धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजनाही शहरासाठी राबवली गेली. म्हणजे शहराची तहान हळूहळू लांबच्या पाण्यावर भागवली जाणार आणि जवळच्या तलावावरचा भार कमी होणार. वरवर पाहता ही चांगली बातमी आहे. पण खानदेशातल्याच दुसऱ्या एका तलावाची गोष्ट सांगते, की तलावाला खरा धोका नेमका अशाच वेळी सुरू होतो.

मेहरूणचं काय झालं?

जळगावचा मेहरूण तलाव आज फिरायला जाण्याची आणि गणपती विसर्जनाची जागा म्हणून ओळखला जातो. मेहरूणची बोरं तर खानदेशाबाहेरही प्रसिद्ध आहेत. पण इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये मेहरूणची नोंद वेगळ्या कारणासाठी आहे. शहरापासून दोन मैलांवरच्या या तलावातून नळाने जळगावला पाणी आणलं जात होतं. थोडक्यात, मेहरूण हा जळगावचा पिण्याच्या पाण्याचा तलाव होता.

पुढे शहर वाढलं, गरज वाढली आणि पाण्याचे स्रोत बदलले. आज जळगावला पाणी येतं ते वाघूर धरणातून. मेहरूणचा नळ सुटला. ज्या तलावाचं पाणी रोज घरात येतं, त्याच्या काठावर कोणी घाण टाकली तर गाव पेटून उठतं. ज्याचं पाणी कोणी पीत नाही, त्याच्याकडे कोणी बघत नाही. दोन मैलांचं अंतर वस्तीने कधीच भरून काढलं, काठावर कॉलन्या आल्या आणि आसपासच्या वसाहतींचं सांडपाणी तलावात मिसळत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. गाळ काढणं, काठाची दुरुस्ती, फिरण्याचा मार्ग, सुशोभीकरण अशी कामं अधूनमधून झाली. पण सांडपाण्याचा प्रश्न या कामांनी सुटत नाही.

हे एकट्या जळगावचं दुखणं नाही. कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईचा पवई, पुण्याचा पाषाण या सगळ्यांचा प्रवास थोड्याफार फरकाने असाच झाला. रंकाळा आणि पवई हे दोन्ही तलाव केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत होते. तरीही नाल्यांतून येणारं सांडपाणी पूर्ण थांबलं नाही आणि शेवाळ, जलपर्णी, दुर्गंधी हे शब्द या तलावांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येत राहिले.

एका कॉलनीतून सांडपाणी निघतं तरी किती?

हिशेब सोपा आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असा सरकारी मापदंड आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी मोरी, न्हाणीघर आणि संडासातून बाहेर पडतं, असं धरलं जातं. म्हणजे माणशी १०८ लिटर.

पाच माणसांच्या घराचे झाले ५४० लिटर. दोनशे घरांची कॉलनी असेल तर रोजचे १ लाख ८ हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये भरलं, तर जवळपास अकरा टँकर. रोज, न चुकता, वर्षाचे ३६५ दिवस. लाखभर लोकवस्तीच्या भागाचं हेच सांडपाणी रोज एक कोटी लिटरच्या पुढे जातं.

धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी असू शकतो. पण बोअरवेल आणि टँकरचं पाणीही शेवटी मोरीतूनच बाहेर पडतं.

सेप्टिक टाकी आहे ना, मग अडचण काय?

भुयारी गटार नसलेल्या कॉलनीत प्रत्येक घरामागे किंवा घराखाली सेप्टिक टाकी असते. अनेकांना वाटतं की टाकीत गेलं म्हणजे प्रश्न मिटला. तसं होत नाही.

सेप्टिक टाकीत जड मैला तळाशी बसतो, काही प्रमाणात कुजतो आणि वरचं पाणी बाहेर पडतं. हे पाणी दिसायला जरा बरं असलं, तरी त्यात रोगजंतू, नायट्रोजन आणि फॉस्फरस मोठ्या प्रमाणात असतात. नियमाप्रमाणे ते शोषखड्ड्यात जायला हवं आणि जमिनीतून मुरताना गाळलं जायला हवं. टाकीतला मैलाही दर दोन-तीन वर्षांनी काढायला हवा. अनेक घरांत टाकी बांधल्यापासून एकदाही उघडलेली नसते. मैला साचत जातो, पाणी साठायला जागा कमी होते आणि आत आलेलं जवळपास तसंच बाहेर पडू लागतं.

खानदेशात यात आणखी एक अडचण आहे, ती जमिनीची. वर काळी माती, खाली काळा पाषाण. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाणी न गाळता खाली उतरतं. खालच्या बेसाल्ट खडकात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही, ते फटींतून वाट काढतं. त्यामुळे शोषखड्डा एकतर तुंबतो, नाहीतर त्याचं पाणी कुठल्या तरी बोअरवेलमध्ये किंवा ओढ्यात निघतं.

मोठ्या प्लॉटवर एकटं घर असेल तर हे खपून जातं. पण छोटे प्लॉट, रो हाऊस, त्यावर चढलेले मजले अशी दाटी झाली की शोषखड्ड्याला जागाच उरत नाही. मग टाकीचा पाइप सरळ उघड्या गटारीला जोडला जातो. गटार ओढ्याला मिळते आणि ओढा उतार असेल तिकडे, म्हणजे नदीकडे किंवा तलावाकडे जातो.

मोठ्या गृहप्रकल्पांवर यासाठी बंधनं आहेत. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि सांडपाणी प्रक्रियेची सोय दाखवावी लागते. पण धुळे-जळगावसारख्या शहरांची वाढ मुख्यतः छोट्या छोट्या ले-आऊटमधून होते. एकेक ले-आऊट इतका लहान, की तो त्या अटीत बसत नाही. सगळे मिळून मात्र एक गाव वसतं.

नदी आणि तलावात फरक काय?

नदीत घाण टाकणंही वाईटच. पण नदीला पूर येतो, पाणी पुढे सरकतं. तलावात आलेलं बरंचसं तिथेच राहतं.

सांडपाण्यात फॉस्फरस असतो. तो माणसाच्या मलमूत्रातून येतो, साबण आणि धुण्याच्या पावडरीतून येतो. शेतात जे काम खत करतं, तेच तलावात फॉस्फरस करतो. फरक इतकाच, की इथे पीक येतं शेवाळाचं. शेवाळ वाढतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे मरतात, वास सुटतो. पाणी पिण्यासाठी घ्यायचं असेल, तर ते शुद्ध करण्याचा खर्च आणि अवघडपणा दोन्ही वाढतात.

फॉस्फरस तळाच्या गाळातही साठत जातो. म्हणून आज सांडपाणी पूर्ण बंद केलं, तरी गाळातला साठा पुढची अनेक वर्षं पाण्यात उतरत राहू शकतो. तलाव बिघडायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ तो सुधारायला लागू शकतो. बंगळुरूच्या बेलंदूर तलावाने या बिघाडाचं टोक दाखवलं. तिथे फेसाचे ढीग रस्त्यावर आले आणि २०१७ व २०१८ मध्ये तर तलावाच्या पृष्ठभागावर आग लागल्याचं देशाने पाहिलं.

प्रक्रिया केंद्र बांधलं की काम झालं?

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. सांडपाण्याची चर्चा निघाली की ‘एसटीपी किती क्षमतेचा?’ हा पहिला प्रश्न येतो. उद्घाटन त्याचंच होतं, फोटोही त्याचाच निघतो. आकडे मात्र वेगळं सांगतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता होती ६,८९० दशलक्ष लिटर. देशाच्या तुलनेत हा आकडा चांगला आहे. पण प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती फक्त ४,२४२ दशलक्ष लिटरवर. म्हणजे केंद्रं उभी होती, पण त्यांच्या दर शंभर लिटर क्षमतेपैकी जेमतेम ६२ लिटर वापरली जात होती.

यामागे कारणं अनेक असतात. काही केंद्रं बंद पडतात, काही दुरुस्तीला येतात. पण एक कारण जवळपास प्रत्येक शहरात सापडतं. सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही. गल्लीत पाइप असतो, चेंबर असतं, पण घराची जोडणी नसते.

घरजोडणी का होत नाही, हे समजायला फार संशोधन लागत नाही. घर आधी बांधलेलं असतं. संडास मागच्या बाजूला आणि चेंबर पुढच्या रस्त्यावर असतं. जोडायचं तर फरशी फोडायची, अंगण खोदायचं, प्लंबरला पैसे द्यायचे. सेप्टिक टाकी चालू आहे आणि तिचं पाणी डोळ्यासमोरून निघून जातंय, तर हा खर्च कोण करणार? फायदा तलावाला, खर्च घरमालकाला. असा व्यवहार आपणहून कोणी करत नाही. म्हणून जिथे घरजोडणीचा खर्च मूळ योजनेतच धरला जातो आणि ठेकेदाराचं काम घरातल्या संडास-मोरीपर्यंत जोडणी दिल्यावरच पूर्ण मानलं जातं, तिथे ही अडचण बरीच कमी होते.

मग रस्ते इतके का खोदावे लागतात?

पाण्याच्या नळात दाब असतो, तो चढावरही पाणी नेतो. गटारीचा पाइप मात्र फक्त उतारावर चालतो. मैला तळाशी साचू नये म्हणून पाणी सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटर तरी वेगाने वाहायला हवं. त्यासाठी १५० मिलिमीटरच्या पाइपला सुमारे पावणेदोनशे मीटर लांबीत एक मीटर उतार लागतो. जमीन सपाट असेल तर पाइप पुढे जाईल तसा खोल जात राहतो. साधारण दर ३० मीटरवर चेंबर लागतं. कठीण खडक लागला तर तो फोडावा लागतो. वर काळी माती असेल तर बुजवलेली चर एका पावसाळ्यात खचते, कारण थराथराने पाणी मारून दाबायला जो वेळ लागतो तो दिला जात नाही.

देवपूरच्या रस्त्यांचं दुखणं बरंचसं इथे आहे. खोदाई टाळता येत नाही. खोदल्यावर चर नीट दाबणं, घरजोडण्या आणि जलवाहिन्यांची कामं त्याच वेळी उरकणं आणि मगच डांबर किंवा काँक्रीट करणं, हा क्रम मात्र पाळता येतो. आधी काँक्रीटचा रस्ता आणि नंतर घरजोडणी, असं झालं की रस्ता तरी पुन्हा फुटतो, नाहीतर जोडणी कायमची राहून जाते.

उताराच्या नियमातून आणखी एक गोष्ट निघते. तलावाकाठची वस्ती ही बहुधा सगळ्यात सखल जागा असते. तिथलं सांडपाणी स्वतःच्या उताराने तलावाकडेच जाणार. ते दुसरीकडे न्यायचं तर पंप लागतो. पंप म्हणजे वीज, आणि वीज गेली की पंपिंग स्टेशन भरून वाहणार ते थेट तलावात. म्हणून काठावरच्या पंपिंग स्टेशनला जनरेटर आणि काही तासांचं सांडपाणी साठवणारी टाकी या चैनीच्या गोष्टी ठरत नाहीत. त्या नसतील तर योजना अर्धीच आहे.

पावसाळ्यात गच्चीचं पाणी भुयारी गटारीत सोडण्याची सवयही घातक ठरते. पाइप सांडपाण्याच्या हिशेबाने टाकलेला असतो. पावसाचं पाणी शिरलं की चेंबरची झाकणं उचलली जातात आणि सगळं रस्त्यावर येतं.

उलट टोकाची अडचणही आहे. नळाला अनेक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात लोक पाणी जपून वापरतात. गटारीत वाहतं पाणी कमी पडलं की मैला तळाशी बसतो आणि लाइन तुंबते. म्हणून भुयारी गटार आणि पाणीपुरवठा या दोन योजनांचं यश एकमेकांना बांधलेलं आहे. रोज पाणी मिळालं नाही, तर नवी कोरी गटारही नीट चालणार नाही.

शुद्ध केलेलं पाणी तलावात सोडलं तर?

हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारला जातो. प्रक्रिया झाली, मग ते पाणी तलावातच सोडून तलाव भरलेला का ठेवू नये?

अमेरिकेतल्या सिअॅटल शहराशेजारच्या लेक वॉशिंग्टनचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९५० च्या दशकात त्या तलावात काठावरच्या अनेक प्रक्रिया केंद्रांचं पाणी सोडलं जात होतं. लक्षात घ्या, ते कच्चं सांडपाणी नव्हतं, प्रक्रिया केलेलं होतं. तरीही फॉस्फरस शिल्लक राहिल्याने तलाव शेवाळाने भरला. १९६० च्या दशकाच्या मध्यात पाण्यात मीटरभर खोलही दिसत नव्हतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी कारण दाखवून दिलं. १९५८ मध्ये मतदान घेऊन काठावरच्या गावांनी एक सामायिक यंत्रणा उभी केली, त्यासाठी पैसे भरले आणि १९६८ पर्यंत सगळं सांडपाणी तलावाबाहेर वळवलं. पुढच्या काही वर्षांत पाणी पुन्हा कित्येक मीटर खोलपर्यंत दिसू लागलं.

आपल्याकडे २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत प्रक्रिया केंद्रांसाठी बीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजण्याच्या मापाची, मर्यादा ठरवली गेली. महानगरांसाठी लिटरमागे २० मिलिग्रॅम, इतरत्र ३०. फॉस्फरसची मर्यादा मात्र त्यात नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक निकषांचा आग्रह धरला. तलावाच्या बाबतीत हा तपशील निर्णायक आहे. कागदावर ‘निकषात बसणारं’ पाणीही तलाव हिरवा करू शकतं. तलावात सोडायचंच असेल, तर फॉस्फरस काढणारी प्रक्रिया हवी आणि त्यानंतर पाणवनस्पतींच्या उथळ पट्ट्यातून ते पाणी जायला हवं. बंगळुरूच्या जक्कूर तलावावर असा प्रयोग झाला आहे.

त्यापेक्षा साधा मार्ग म्हणजे ते पाणी दुसऱ्या कामाला लावणं. नागपूर शहराचं प्रक्रिया केलेलं रोजचं १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना राबवली गेली. ५० किलोमीटरच्या आत प्रक्रिया केंद्र असेल, तर औष्णिक केंद्राने तिथलं पाणी वापरावं, असं केंद्राचं २०१६ चं वीजदर धोरण सांगतं. जळगावपासून भुसावळजवळचं दीपनगर वीज केंद्र या अंतरात येतं. धुळ्याला अवधानची औद्योगिक वसाहत आहे आणि नदीकाठची शेती तर आहेच. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होणाऱ्या भागात एक कोटी लिटर खात्रीचं पाणी म्हणजे डोकेदुखी मानण्यासारखी गोष्ट नाही.

योजना बांधून झाल्यावर ती चालवणार कोण?

‘अमृत’सारख्या योजनांतून पाइप आणि केंद्र बांधायला पैसे मिळतात. पंपाचं वीजबिल, माणसांचे पगार, लाइन साफ करणारी यंत्रं यांचा खर्च महापालिकेवर येतो. तो घरपट्टी किंवा मलनिस्सारण करातूनच निघणार. कर वाढवायचा म्हटलं की नगरसेवक कचरतात, लोक चिडतात. मग केंद्राचे पंप निम्मा वेळ बंद ठेवले जातात आणि सांडपाणी जुन्या वाटेने जाऊ लागतं.

आणखी एक गोष्ट कधीही विसरता कामा नये. तुंबलेली लाइन किंवा भरलेली टाकी साफ करायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. यंत्रांचा खर्च वाचवला, तर त्याची किंमत कोणाच्या तरी जिवाने चुकवली जाते. म्हणून योजनेच्या अंदाजपत्रकात सफाईची यंत्रं पहिल्या दिवसापासून हवीत.

खरं तर सामायिक पाण्याची व्यवस्था कशी टिकते, हे पांझराकाठाला नवं नाही. याच नदीवर शतकानुशतकं फड पद्धतीने शेती भिजली. बंधारा घातला, पाट काढला आणि काम संपलं, असं तिथे कधी नव्हतं. पाट साफ करायला सगळ्या शेतकऱ्यांनी यायचं, पाणी वाटायला पाटकरी नेमायचा, त्याचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. बंधाऱ्यापेक्षा ही नेमणूक जास्त महत्त्वाची होती. भुयारी गटारीचंही तेच आहे. फरक एवढाच, की पाटाचं पाणी सगळ्यांना हवं असतं आणि गटारीचं कोणालाच नको असतं. म्हणून तिच्यासाठी नेमणूक आणि पैसा आधी ठरवावा लागतो.

नकाण्यासाठी अजून वेळ आहे का?

मेहरूणच्या काठावर वस्ती आधी आली, सांडपाण्याचा विचार नंतर. दाट वस्तीत नंतर पाइप टाकणं किती महाग आणि त्रासाचं असतं, हे देवपूर अनुभवतंच आहे. तलावाच्या पाणलोटात, म्हणजे ज्या जमिनीवरचं पावसाचं पाणी तलावाकडे उतरतं तिथे, ले-आऊट भरण्याआधी गटारीचा मार्ग आखला तर तेच काम स्वस्तात होतं. मोकळ्या प्लॉटमधून पाइप टाकायला रस्ता फोडावा लागत नाही आणि नव्या घराचा संडास पहिल्या दिवशीच चेंबरला जोडता येतो.

यासाठी क्रम ठरलेला आहे. आधी पाणलोटाची हद्द नकाशावर आखायची. मग त्या हद्दीतल्या कोणत्याही ले-आऊटला मंजुरी देताना गटारजोडणी किंवा सामायिक प्रक्रियेची अट घालायची, प्लॉट कितीही लहान असोत. तलावाकडे येणारा प्रत्येक ओढा तपासून सांडपाणी काठाच्या आधीच अडवायचं आणि पाणलोटाबाहेरच्या केंद्राकडे वळवायचं. घरजोडण्या पूर्ण करायच्या. गाळ काढणं, बागा, कारंजी, फिरण्याचे मार्ग हे सगळं त्यानंतर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही यादी शेवटून सुरू होते, कारण कारंजं दिसतं आणि पाइप दिसत नाही.

देवपूर-नकाण्याच्या रहिवाशांनी महापालिकेला विचारण्यासारखे प्रश्नही त्यातूनच निघतात. गटारीची किती किलोमीटर लाइन टाकली, याऐवजी किती घरं जोडली गेली? प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेपैकी रोज किती सांडपाणी तिथे पोचतं? पंपिंग स्टेशनला वीज गेल्यावर काय होतं? तलावाच्या पाणलोटात गेल्या पाच वर्षांत किती ले-आऊट मंजूर झाले आणि त्यांच्या सांडपाण्याची सोय कुठे दाखवली आहे? माहितीच्या अधिकारात एका अर्जावर मागता येईल, अशी ही माहिती आहे.

रस्त्याची मागणी करताना ही चार उत्तरंही मागितली गेली, तर रस्ता पुन्हा खोदावा लागण्याची शक्यता बरीच कमी होईल.